कुठे उतरलात?

मराठीत ‘उतरणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. लाँचमधून धक्क्यावर पाय टाकणं म्हणजे उतरणं, आणि परगावी कुणाच्या घरी मुक्कामाला थांबणं म्हणजेही उतरणं. रेवसचा माणूस मुंबईला निघाला की त्याला ही दोन्ही उतरणी एका दिवसात पार पाडावी लागतात. भाऊच्या धक्क्यावर लाँच लागली, पिशव्या सावरत पायऱ्या चढून वर आलं, की लगेच पुढचा प्रश्न: आता उतरायचं कुठे?

वर्षातले बाकीचे दिवस हा प्रश्न फारसा छळत नाही. दवाखाना, कोर्ट, खरेदी आटोपून संध्याकाळच्या लाँचने माणूस घरी परततो. गणेशोत्सवात मात्र पंचाईत होते. लालबाग, गणेश गल्ली, गिरगाव इथली रोषणाई आणि देखावे पाहायचे ते रात्री, आणि रात्री रेवसला लाँच नसते. धरमतर खाडीच्या तोंडावर वसलेलं हे गाव समुद्रावरून मुंबईपासून जेमतेम दीड तासावर आहे. रस्त्याने जायचं तर पेण-पनवेलचा वळसा शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. म्हणजे दिवसा शेजारी असलेलं शहर अंधार पडला की परमुलूख होतं. अशा वेळी खिशाला झेपेल असा मुक्काम शोधायचा कसा, आणि मुळात तो इतका दुर्मीळ का होतो, हे या प्रकरणात पाहू.

आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन झालं की तिसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचने आम्ही मुलं मोठ्यांबरोबर माझगावला आत्याकडे निघायचो. एरवी आत्याकडे जाताना सुके बोंबील आणि जवळा हमखास असायचा. गणपतीत तो न्यायचा नाही, म्हणून तांदळाची पिशवी, परसातली शिराळी, पडवळ आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली अळूची पानं. आत्याची खोली दहा बाय बाराची. त्यात तिचं सहा माणसांचं कुटुंब, वर आम्ही सातजण. रात्री बायका आणि लहान मुलं आत, पुरुष बाहेर गॅलरीत. चटई अंथरायची, चपला पिशवीत घालायच्या आणि तीच पिशवी उशाला घ्यायची. पहाटे नळाला पाणी आलं की बादल्यांच्या आवाजाने गॅलरी जागी व्हायची आणि आपापली चटई गुंडाळून भिंतीला टेकून बसावं लागायचं. पैशाचा विषय कधी निघाला नाही. पण मे महिन्यात आत्याची चारही मुलं महिनाभर आमच्याकडे असत, हा हिशेब दोन्ही घरांना पाठ होता.

परवडणाऱ्या मुक्कामाची ही सगळ्यांत जुनी पद्धत: उसनवारीची. आज खाटेची, उद्या आंब्याची. ती आजही चालते, पण जिच्या आत्याची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, किंवा जिला मुंबईत आत्याच नाही, तिने काय करायचं?

तिने लॉजचा दरवाजा ठोठावला की पहिला धक्का दराचा बसतो. दर वाढतो याला केवळ मालकाचा लोभ कारण नाही. वीस खोल्यांच्या लॉजमध्ये सणाच्या रात्रीही वीसच खोल्या असतात. मागणी वाढली म्हणून भाजीवाला दुसऱ्या दिवशी दोन पाट्या जास्त आणतो, खोल्यांचं तसं करता येत नाही. शिवाय खोली साठवून ठेवता येत नाही. आज रात्री रिकामी राहिली तर ती रात्र कायमची बुडाली, म्हणून मालक वर्षभराच्या मंदीची भरपाई मोजक्या रात्रींत करू पाहतो. त्यात सणाची तारीख सगळ्यांना आधीच ठाऊक असते. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, हे पंचांगात छापलेलं आहे. जो आधी ठरवतो त्याला खोली मिळते, आणि ज्याची रजा शेवटच्या क्षणी मंजूर होते त्याला उरलेली मिळते, दुप्पट पैशांत. रोजंदारीवरच्या माणसाची रजा नेहमी शेवटच्या क्षणीच ठरते, त्यामुळे सर्वांत महाग खोली पुष्कळदा सर्वांत गरिबाच्या वाट्याला येते. हे मला या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत अन्यायाचं अंग वाटतं.

सरकारने या दरांना हात घातलाच नाही असं नाही. मुंबईचा भाडेनियंत्रणाचा १९४७ चा प्रसिद्ध कायदा आपण घरभाड्याचा म्हणून ओळखतो, पण त्याच्या पूर्ण नावात घरभाड्याच्या जोडीला हॉटेल आणि लॉजिंग हाउसच्या दरांचं नियंत्रणही होतं. दुसऱ्या महायुद्धाने आणि फाळणीने शहरात माणसांची दाटी झाली होती, आणि खाटेचा दर हा राज्यकर्त्यांच्या काळजीचा विषय झाला होता. त्याची जागा पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने घेतली. त्याच्या नावात हॉटेल आणि लॉज हे शब्द नाहीत.

पण दर बांधून खोल्या वाढत नाहीत. खरा उपाय खोल्या वाढवण्यात आहे, आणि तो शोधायला मुंबईचा गणेशोत्सव ही फार चांगली शाळा आहे. कारण सण शहर भरतो तसा रिकामाही करतो.

चतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधी मुंबईतून लाखो चाकरमानी कोकणात निघतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. एसटीच्या जादा गाड्या, खासगी बस, सामान बांधलेल्या मोटारी अशी सगळी रीघ मुंबई-गोवा महामार्गाला लागते. ही माणसं निघाली की परळ, लालबाग, काळाचौकी, भांडुप, विक्रोळी, डोंबिवली इथल्या हजारो घरांना कुलपं लागतात. त्याच आठवड्यात मुंबईचे गणपती बघायला बाहेरून माणसं येत असतात आणि राहायला जागा नाही म्हणून हैराण होतात. एकीकडे बंद कुलूप, दुसरीकडे फुटपाथवर बसलेलं कुटुंब. मध्ये फक्त एका चावीचं अंतर.

हे अंतर गिरणगावाने एकेकाळी मिटवलेलं होतं. गिरणीत कामाला आलेला कोकणी माणूस एकटा यायचा, बायकामुलं गावी. एका गावचे वीस-तीसजण मिळून एक खोली घ्यायचे. तिला गावाचीच खोली म्हणायचे. पाळ्या वेगळ्या असल्याने रात्रपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या जागेवर दिवसपाळीचा झोपायचा. प्रत्येकाची ट्रंक, भिंतीवरची एक खुंटी आणि अंथरुणापुरती जागा एवढी मालमत्ता. जेवण खाणावळीत. या खाणावळी बायका चालवत, आणि त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गावाहून कुणी दवाखान्यासाठी, नोकरीसाठी किंवा गणपती बघायला आला, तर तो या खोलीवर हक्काने उतरायचा. महिन्याची वर्गणी भरणाऱ्या सभासदांनी त्याचा भार उचललेला असायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा पूर्ववत कधीच चालल्या नाहीत आणि त्या खोल्याही हळूहळू विकल्या गेल्या.

गोव्याच्या लोकांचे ‘कूड’ याच जातीचे. धोबी तलावच्या जेर महालात आणि आसपासच्या जुन्या इमारतींत गोव्यातल्या एकेका गावाच्या नावाने हे क्लब चालत आले. बोटीवर नोकरी करणारा खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात इथे थांबायचा. ओळीने लावलेल्या पेट्या, एक वेदी, संध्याकाळची प्रार्थना आणि गावच्या संताचा सण. दर नाममात्र, अट एकच: तू आमच्या गावचा हवास. हीच या सोयीची ताकद आणि हीच तिची मर्यादा. ज्याचं गाव यादीत नाही त्याला दार बंद. कूड असो की गिरणगावातली खोली, दोन्ही पुरुषांच्या होत्या. बाईमाणसाला तिथे मुक्कामाला जागा नव्हती. तिला नात्याचं घरच शोधावं लागे.

दार बंद असण्याचा प्रश्न पंढरपुराइतका कुठे तीव्र झाला नसेल. २०११ च्या जनगणनेत पंढरपूरची लोकसंख्या लाखाच्या आसपास होती, आणि आषाढीला तिथे त्याच्या कित्येक पट माणूस येतो. तरीही शतकानुशतकं ते गाव या गर्दीला सामावून घेत आलं आहे. घरातलं कुटुंब मागच्या एका खोलीत सरकतं, सोपा, माडी, पडवी वारकऱ्यांना दिली जाते. ‘आमची दिंडी अमक्या वाड्यात उतरते’ हे वाक्य आजोबांपासून नातवापर्यंत चालत येतं. फडांचे आणि संस्थानांचे मठ आहेत. चंद्रभागेच्या वाळवंटात राहुट्या पडत. नदीच्या स्वच्छतेचा प्रश्न न्यायालयात गेल्यावर त्यांच्यावर बंधनं आली आणि पैलतीरावरची ६५ एकर जागा दिंड्यांच्या मुक्कामासाठी तयार झाली. तिथे आखलेले भूखंड, पाणी, वीज, शौचालयं अशी सोय असते. गावाने घरं दिली, शासनाने जमीन दिली, तंबू वारकरी घेऊन येतो. तिघांत वाटला गेलेला हा खर्च कुणा एकावर पडत नाही, म्हणून तो पेलतो.

पण याच पंढरपुरात दलित वारकऱ्याला धर्मशाळेत जागा नव्हती. विठ्ठलाच्या दर्शनाला शंभर कोस चालत आलेल्या माणसाने पावसात रात्र कुठे काढायची? हे बघून गाडगेबाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा बांधली. मंदिराबाहेर थांबवल्या गेलेल्या संताचं नाव त्या दारावर लागलं, यातली वेदना आणि हिंमत दोन्ही मला फार मोठी वाटते. १९४९ मध्ये बाबांनी ही इमारत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बाबांनी स्वतःसाठी एक झोपडीही उभी केली नाही. नाशिकला, आळंदीला, पंढरपूरला मात्र परक्या माणसाच्या पाठीला टेकण्यासाठी भिंती उभ्या केल्या. मुंबईत दादरला त्यांच्या मिशनची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात आलेल्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आसरा देते.

बाबासाहेबांच्या नावानेच मुंबईत दरवर्षी जे घडतं ते मुक्कामाच्या व्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्याने एकदा डोळ्यांनी पाहावं. ६ डिसेंबरच्या आधी विदर्भ-मराठवाड्यातून, देशभरातून लाखो माणसं चैत्यभूमीवर येतात. त्यांतल्या बहुतेकांना लॉजचा दर विचारण्याचीही ऐपत नसते. शिवाजी पार्कच्या मैदानावर महापालिका मंडप घालते, पाणी, फिरती शौचालयं, आरोग्यकक्ष उभे राहतात, पालिकेच्या शाळांचे वर्ग मुक्कामासाठी उघडले जातात. बाकं भिंतीला लावली की एका वर्गात पन्नास माणसं अंग टाकू शकतात. संस्था आणि संघटना जेवण वाटतात. शहरातल्या सर्वांत महागड्या वस्त्यांपैकी एका वस्तीत हजारो माणसं एक पैसाही न देता रात्र काढतात, कारण एका मैदानाचा आणि काही शाळांचा त्या दिवसांपुरता उपयोग बदललेला असतो.

स्कॉटलंडमध्ये एडिंबराचा कला महोत्सव १९४७ मध्ये सुरू झाला. तो ऑगस्टमध्ये भरतो, तेव्हा विद्यापीठाला सुट्टी असते, विद्यार्थी घरी गेलेले असतात आणि त्यांच्या वसतिगृहातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने दिल्या जातात. शिवाजी पार्कजवळचा शाळेचा वर्ग आणि तिथली वसतिगृहाची खोली यांत तत्त्व एकच आहे. सणाच्या दिवसांत जी इमारत आपोआप मोकळी होते, ती हेरायची. मुंबईच्या गणेशोत्सवात मोकळी होणारी इमारत म्हणजे चाकरमान्याचं घर.

आता ही गोष्ट रेवसच्या धक्क्यावर आणून तपासू. चाकरमानी चतुर्थीच्या आधी जातो आणि गौरी-गणपतींचं विसर्जन करून परततो. म्हणजे मुंबईतली घरं रिकामी असतात ती पहिले सहा-सात दिवस. रायगडातल्या ज्या घरात दीड दिवसाचा गणपती आहे, ते कुटुंब तिसऱ्या दिवशी मोकळं होतं आणि त्याला हा काळ बरोबर साधतो. ज्यांच्याकडे गौरी आहेत ते मोकळे होतात तेव्हा मुंबईची घरं पुन्हा भरू लागलेली असतात, आणि मंडपांपुढच्या रांगाही अनंत चतुर्दशीकडे लांबत जातात. म्हणून माझा सल्ला: जमत असेल तर तिसऱ्या ते पाचव्या दिवसात, शनिवार-रविवार टाळून जा. जागाही मिळेल आणि दर्शनही होईल.

लालबागच्या राजाचं रेवसच्या कोळीवाड्याला वेगळं अप्रूप आहे. १९३४ मध्ये हा गणपती बसवला तो बाजारासाठी हक्काची जागा मिळावी म्हणून नवस बोललेल्या कोळी आणि छोट्या विक्रेत्यांनी. आपल्यासारख्याच मासळी विकणाऱ्यांचा हा नवस, म्हणून तिथे एकदा तरी जायचं हे इकडच्या बायकांच्या मनात पक्कं असतं. त्यांनी मुक्कामासाठी मात्र लालबागमध्येच जागा शोधू नये. उत्सवाच्या केंद्रात खोली सर्वांत महाग असते, आणि लोकलच्या टोकाला सर्वांत स्वस्त. रेवसहून समोरच्या करंजाला होडीने पार व्हायचं, तिथून उरण गाठायचं. १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल आली आहे. उरणहून नेरूळ, तिथून हार्बरची गाडी, आणि कॉटन ग्रीनला उतरलं की लालबाग पायी गाठता येतं. उरण किंवा नवी मुंबईच्या बाजूला नातेवाईक असेल, साधी खोली मिळत असेल, तर मुक्काम तिथे ठेवावा. विसर्जनाच्या रात्री मध्य आणि पश्चिम रेल्वे जादा लोकल सोडतात, मात्र उरणच्या मार्गावरची शेवटची गाडी किती वाजता आहे ते सकाळीच विचारून घ्यावं. बरोबर म्हातारी माणसं असतील तर भाऊच्या धक्क्यापासून जवळचं स्टेशन डॉकयार्ड रोड, हेही लक्षात असू द्या.

लाँचनेच परतायचं असेल तर तिथीकडे बघा. अनंत चतुर्दशी म्हणजे पौर्णिमेचा आदला दिवस, उधाणाचं पाणी. भरती दुपारी आणि मध्यरात्री भरपूर चढते आणि संध्याकाळी तितकीच खोल ओहोटी लागते. रेवसचा धक्का खाडीच्या गाळात आहे. पाणी उतरलं की लाँच लागायला अडचण होते आणि वेळा पुढे-मागे होतात. अष्टमीच्या आसपास भांगेचं पाणी असतं, चढउतार कमी. आमच्या कोळ्यांना हे सांगावं लागत नाही. नव्या पिढीच्या शहरात शिकलेल्या मुलांना मात्र मोबाइलवर लाँचचं वेळापत्रक बघताना तिथी बघायची सवय राहिलेली नाही.

आणि वारा असेल, पाऊस फळीसारखा लागला असेल, तर ‘कसंही करून आजच घरी’ हा हट्ट सोडा. १७ जुलै १९४७ ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेच्या वर माणसं बुडाली. श्रावणाच्या आधीची आषाढी अमावास्या तोंडावर आलेली, सणाला घरी पोचायची ओढ, बोट भरलेली. रेवसपासून अलिबागपर्यंत कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण अजून हलक्या आवाजात सांगितली जाते. अशा हवेत मुंबईत एक जादा रात्र काढायला जागा असणं ही चैनीची बाब नाही. घरून निघतानाच ती रात्र हिशेबात धरा, तिच्यापुरते पैसे वेगळे बांधून ठेवा.

ज्यांना कुणीच नाही त्यांनी लॉजच्या आधी आपल्या जातीचं नव्हे, आपल्या गावाचं मंडळ शोधावं. मुंबईत कोकणातल्या शेकडो गावांची ग्रामस्थ मंडळं आहेत आणि त्यांचा पदाधिकारी गावातल्या कुणाच्या तरी ओळखीचा असतोच. रेल्वेचं आरक्षित तिकीट हाती असेल, तर स्थानकांवरच्या विश्रांतिगृहांची आगाऊ नोंदणी करता येते. धर्मशाळांना विचारताना एक पथ्य पाळा: रुग्णांसाठी असलेल्या जागा सणासाठी मागू नका.

आता उरली ती विनंती मुंबईत राहणाऱ्या आपल्या माणसांना. सप्टेंबरात गणपतीला गावी निघाल, तेव्हा घराला कुलूप लावण्याआधी एक फोन करा. गावातून, तालुक्यातून, ओळखीतून कुणी मुंबईचे गणपती बघायला येणार आहे का, विचारा. सोसायटीच्या सेक्रेटरीला नाव लिहून द्या, गॅसचं बटण आणि पाण्याची वेळ सांगा, आणि चावी शेजारी ठेवून जा.